दवाखान्यात ‘समाधानी’, घरी आल्यावर रडू : बाळंतिणीला नेमकी कुठली काळजी हवी असते?

गेल्या वर्षी माझ्या ताईचं बाळंतपण झालं. सिझेरियन. चौथ्या दिवशी खासगी रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाला. निघताना एका सिस्टरने टॅब पुढे केला. त्यावर पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. ‘आमची सेवा कशी वाटली?’ ताईने सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी शेजारी बिलाच्या पावत्या मोजत होतो.

घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री चित्र पालटलं. दूध साठून तिची छाती दगडासारखी झाली होती. अंगात कणकण होती, टाके ठणकत होते आणि बाळ तोंड लावून लगेच सोडत होतं. आई म्हणे शेक दे, मावशी म्हणे वरचं दूध दे. रुग्णालयात फोन केला तर ‘सोमवारी ओपीडीत घेऊन या’ असं उत्तर आलं. तो शनिवार होता.

शेवटी शेजारच्या इमारतीतल्या, महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका सिस्टर आल्या. त्यांनी ताप मोजला, टाके पाहिले, बाळाला कसं धरायचं ते दाखवलं, हाताने थोडं दूध काढायला शिकवलं. जेमतेम वीस मिनिटं लागली. ‘ताप उतरला नाही तर सकाळी डॉक्टरांकडे जा, सोमवारची वाट बघू नका,’ एवढं बजावून त्या गेल्या. सकाळी ताप होताच. दुसऱ्या एका डॉक्टरांनी औषध दिलं, दूध पाजणं थांबवू नका म्हणाले. तीन दिवसांत ताई सावरली.

नंतर मी तिला विचारलं, ‘मग तू तो हसरा चेहरा का दाबलास?’ ती म्हणाली, ‘बाळ धडधाकट हातात होतं. आणि ती सिस्टर समोर उभी होती ना रे!’

बाळंतिणीला घरची काळजी जास्त आवडते की दवाखान्यातली, या प्रश्नातली सगळी गुंतागुंत ताईच्या या दोन वाक्यांत आहे. ती जरा उलगडून पाहू.

‘समाधान’ मोजतात म्हणजे काय करतात?

बाळंतिणींचं समाधान मोजण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे रुग्णालयातून बाहेर पडताना विचारणं. अडचण अशी की, त्या क्षणी आई सुटकेच्या आनंदात असते. बाळ सुखरूप आहे, कळा संपल्या आहेत, घरी जायचं आहे. अशा वेळी ती वॉर्डातल्या अस्वच्छ संडासाबद्दल किंवा प्रसूतीच्या टेबलावर ऐकाव्या लागलेल्या टोमण्यांबद्दल सहसा तक्रार करत नाही. त्यात विचारणारी व्यक्ती त्याच रुग्णालयातली असेल तर ‘छान होतं’ हेच उत्तर येतं. आपल्याकडे ज्याने मदत केली त्याच्या तोंडावर त्याला नावं ठेवत नाहीत.

दुसरी गोष्ट अपेक्षांची. जिने आयुष्यात सरकारी दवाखान्यात खाटही मिळेल याची खात्री धरली नव्हती, तिला खाट आणि गरम जेवण मिळालं तरी ती समाधानी असते. जिने पॅकेजचे लाखभर रुपये भरले, ती एसी बंद पडला म्हणून नाराज होते. दोघींचे गुण शेजारी ठेवून ‘पहिलं रुग्णालय चांगलं’ असं म्हणता येत नाही.

म्हणून असा कुठलाही आकडा वाचताना तीन गोष्टी बघायच्या : कधी विचारलं, कुठे विचारलं आणि कुणी विचारलं. तोच प्रश्न सहा आठवड्यांनी, घरी, तिऱ्हाईत व्यक्तीने विचारला तर उत्तर बदलू शकतं.

सरकारी यंत्रणेतही आता हे मोजमाप आलं आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही रुग्णांचा अभिप्राय घेणारी व्यवस्था सुरू केली. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी २०१७ मध्ये आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात तर किमान ८० टक्के लाभार्थी समाधानी असाव्यात, असं उद्दिष्टच ठेवलं आहे. मोजायला सुरुवात झाली हे चांगलंच आहे. पण हे मोजमाप मुख्यतः रुग्णालयातल्या अनुभवाचं आहे. बाळंतपणाचे उरलेले चाळीस दिवस त्यात फारसे येत नाहीत.

रुग्णालयात असं काय मिळतं, जे घरी मिळत नाही?

जीव वाचण्याची हमी म्हणता येणार नाही, पण त्याची सर्वांत मोठी शक्यता तिथे मिळते. प्रसूतीनंतरचे पहिले २४ तास सर्वांत जोखमीचे असतात. मातामृत्यूंच्या कारणांत प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव आघाडीवर आहे. तो कुणालाही, कुठलाही इशारा न देता होऊ शकतो. गर्भाशय आकुंचन पावण्याचं इंजेक्शन, सलाईन, रक्त आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया या गोष्टी माजघरात होत नाहीत.

म्हणूनच गेल्या दोन दशकांत देशाने घरच्या बाळंतपणाकडून दवाखान्याकडे मोठी मजल मारली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातल्या केवळ ३८.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्के झालं. महाराष्ट्रात ते ९४.७ टक्के आहे. जननी सुरक्षा योजना २००५ ची, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ चा. दोन्हींचा यात वाटा आहे. २०१८-२० या काळात देशाचं मातामृत्यू प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं, महाराष्ट्राचं ३३.

तेव्हा ‘घर की दवाखाना’ हा प्रश्न प्रसूती कुठे व्हावी, असा नाही. त्याचं उत्तर आलेलं आहे. प्रसूतीनंतर, पहिले एक-दोन दिवस उलटल्यावर, काळजी कुणी आणि कुठे घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

मग घरचं समाधान कशात असतं?

झोप, खाणं, आपली माणसं आणि दार लावून घेता येणं. वॉर्डात तीन बाळं आळीपाळीने रडतात, पहाटे पाचला झाडलोट सुरू होते, भेटायला आलेल्या नातलगांसमोर पदर सावरत दूध पाजावं लागतं. घरी निदान खोली आपली असते.

आपल्याकडे तर बाळंतपणाचं पूर्ण शास्त्रच घराभोवती उभं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, बाळंतशेपा घातलेलं पाणी, अंगाला तेल लावणारी बाई, पाचवीची पूजा, बारसं आणि सव्वा महिना बाळंतिणीने कामाला हात न लावणं. यातला औषधी भाग किती, यावर वाद होऊ शकतो. पण एका गोष्टीचं मोल वादातीत आहे : चाळीस दिवस कुणीतरी त्या बाईकडे बघतं. ती जेवली का, झोपली का, हे विचारतं. दवाखान्याच्या केसपेपरवर यासाठी रकाना नसतो.

घरी सगळं चांगलंच असतं का?

नाही. आणि हे आपल्या आयांना सांगणं कुठल्याही आरोग्य अधिकाऱ्यापेक्षा आपल्याला अवघड जातं. दारं-खिडक्या लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. धुरीचा धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. पहिलं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, काढून टाकायचं नाही. तीच बाळाची पहिली लस समजा. सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, घुटी, पाणी काहीही नको. बाळाची पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण नवजात बाळ फार पटकन गार पडतं.

शिवाय प्रत्येक घर माहेर नसतं. कुणाला आठव्या दिवशी धुण्याला बसावं लागतं. कुणाला मुलगी झाली म्हणून अळिवाऐवजी टोमणे मिळतात. तिच्यासाठी वॉर्डातले दोन दिवस हीच काय ती विश्रांती असते. तिला विचारलं तर ती दवाखान्यालाच जास्त गुण देईल, आणि ते तिच्या दृष्टीने बरोबरच असेल.

अभ्यास काय सांगतात?

जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने या विषयाचे दोन आढावे २०२१ मध्ये अद्ययावत केले. एक आहे प्रसूतीनंतर लवकर घरी सोडण्याबद्दल. निरोगी आई आणि पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ यांना लवकर घरी पाठवलं तर बाळाला पुन्हा दाखल करावं लागण्याची शक्यता किंचित वाढते, आईच्या बाबतीत मात्र मोठा फरक पडल्याचं दिसत नाही, असा त्याचा सूर आहे.

दुसरा आढावा प्रसूतीनंतरच्या गृहभेटींबद्दल आहे. घरी येऊन, त्या बाईच्या गरजेनुसार दिलेल्या काळजीमुळे आयांचं समाधान आणि निव्वळ स्तनपानाचं प्रमाण वाढू शकतं, असं तो सुचवतो. पुरावा भक्कम नाही, असंही तोच स्पष्ट करतो. या दोन्ही विषयांवरचे बरेचसे प्रयोग श्रीमंत देशांत झाले आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं.

नेदरलँड्समध्ये ‘क्रामझोर्ग’ नावाची पद्धत आहे. प्रसूतीनंतर साधारण पहिला आठवडाभर प्रशिक्षित मदतनीस रोज काही तास घरी येते. बाळाचं वजन, आईचे टाके, दूध पाजणं हे तर बघतेच, वर घरातली थोडी कामंही उरकते. आरोग्य विम्यात ही सेवा धरलेली असते. तिथली आई लवकर घरी जाऊ शकते, कारण घरी गेल्यावर ती एकटी पडत नाही. नुसतं लवकर घरी सोडायचं आणि मागे कुणी पाठवायचंच नाही, ही काटकसर आहे, गृहसेवा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही हाच धागा पकडतात. प्रसूतीनंतर किमान २४ तास रुग्णालयात आणि त्यानंतर आणखी किमान तीन तपासण्या : ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. यातली पहिली शक्य असेल तर घरी भेट देऊनच व्हावी, असं त्या म्हणतात. आई आणि बाळ केवळ वाचणं पुरेसं नाही, आईचा अनुभव चांगला असणं हेही काळजीचं उद्दिष्ट आहे, असं या सूचनांमध्ये स्पष्टपणे आलं आहे.

गडचिरोलीने काय दाखवलं?

घरी जाऊन काळजी घेणं हा परदेशी शोध आहे असं वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडं शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ-बाळंतिणीला घरी जाऊन तपासायचं, वजन करायचं, बाळ उबदार ठेवायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

त्याच धर्तीवर २०११ पासून देशभरात ‘घरच्या घरी नवजात बालकाची काळजी’ हा कार्यक्रम सुरू झाला. आशाताई दारात येतात तो हाच कार्यक्रम.

आपल्या हक्काचं काय आहे?

* नॉर्मल प्रसूतीनंतर सरकारी रुग्णालयात किमान ४८ तास राहण्याची सोय.
* जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत. नॉर्मल प्रसूतीला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत मोफत आहार. घरी सोडायला मोफत वाहन.
* रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर आशाताईंच्या सहा गृहभेटी : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक. सिझेरियन झालेल्या आईकडे भेटी सातव्या दिवसापासून सुरू होतात.

या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाताईंना एका बाळामागे २५० रुपये मोबदला मिळतो. म्हणजे एका भेटीला पन्नास रुपयेही नाहीत. त्यात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवरची पायपीट आली, वजनकाटा खांद्यावर वाहणं आलं आणि नोंदवही भरणंही आलं. घरच्या काळजीच्या दर्जाची चर्चा करताना हा आकडा विसरून चालणार नाही.

मग गळती कुठे होते?

इंजिनीअरिंगला असताना एक गोष्ट शिकलो होतो : पाइप सहसा मधे फुटत नाही, गळतो तो सांध्यावर. इथेही तसंच आहे. रुग्णालय आपलं काम करतं, घर आपलं करतं. मधला सांधा गळतो. राष्ट्रीय पाहणीत २०१९-२१ मध्ये प्रसूतीनंतर दोन दिवसांत आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासणी झालेल्या माता ७८ टक्के होत्या. म्हणजे जवळपास दर पाचातल्या एकीकडे त्या दोन दिवसांतही कुणी पाहिलं नव्हतं.

पहिला सांधा माहेरचा. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावी, बाळंतपण तालुक्याला आणि बाळंतीण माहेरी. सासरच्या आशाताईंच्या यादीत नाव आहे पण बाई गावात नाही, माहेरच्या आशाताईंना ती आल्याचं कुणी कळवत नाही.

दुसरा सांधा शहराचा. शहरी भागात आशाताईंचं काम प्रामुख्याने वस्त्यांमध्ये चालतं. सोसायटीत राहणाऱ्या, खासगी रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या दारात कुणीच येत नाही. तिच्याकडे पैसे आहेत, मोबाइल आहे, म्हणून तिला गरज नाही असं गृहीत धरलं जातं. माझी ताई याच गटातली.

तिसरा सांधा सिझेरियनचा. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीनुसार २५.४ टक्के, म्हणजे चारातली एक प्रसूती सिझेरियनने होते. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. पण बाळाच्या कौतुकात आईच्या पोटावर ताजे टाके आहेत, हे घरातले विसरतात.

आणि मनाचं काय?

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे अनेक जणींना होतं आणि बहुधा दोन आठवड्यांत निवळतं. ते लांबलं, झोप उडाली, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, जगू नये असं वाटू लागलं तर तो आजार आहे, नाटक नव्हे. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के आढळलं.

हे नैराश्य डिस्चार्जच्या दिवशीच्या टॅबवर दिसत नाही, कारण ते बऱ्याचदा नंतर सुरू होतं. आणि घरी ते लपतं, कारण ‘एवढं गोजिरं बाळ झालंय, रडतेस काय?’ हा प्रश्न तयार असतो. अशा वेळी १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.

डिस्चार्जच्या आधी हे विचारून घ्या

१. रात्री किंवा सुटीच्या दिवशी त्रास झाला तर नेमका कुठला नंबर? तिथून एकदा फोन लावूनच पाहा.
२. पहिल्या आठवड्यातली तपासणी कुठल्या तारखेला?
३. दूध पाजताना बाळ नीट धरलं जातंय का, हे सिस्टरने शेजारी बसून पाहिलंय का?
४. कुठल्या गोळ्या किती दिवस? दूध पाजताना त्या चालतात का?
५. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आहे का? माहेरी जात असाल तर पोहोचल्या दिवशीच तिथल्या आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना ते दाखवा.

ही लक्षणं दिसली तर ओपीडीची वाट बघू नका

आई : तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणं, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप लागणं, एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, टाक्यांतून पू.

बाळ : दूध ओढणं बंद होणं, मलूल पडणं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं, झटके, तळहात-तळपाय पिवळे दिसणं, बेंबीतून पू.

रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर माता आणि नवजात बाळाच्या वाहनासाठी १०२, आरोग्य सल्ल्यासाठी १०४.

ताईचं बाळ आता रांगतंय. मध्यंतरी त्या रुग्णालयाचा मेसेज आला होता : ‘आमच्या सेवेबद्दल तुमचा अभिप्राय नोंदवा.’ या वेळी समोर कुणी उभं नव्हतं. तिने पाचपैकी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘बाळंतपण उत्तम झालं. घरी गेल्यावर एक फोन तरी करायला हवा होता.’